इंदूताईंकडचं प्रस्थान

"शनिवारी अमावस्या आहे, हे तुझ्या त्या स्पेनवाल्यांना कोणी सांगितलं नाही का?"

इंदूताई गायधनी पंचांग हातात घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. बुधवारची सकाळ होती. नऊ वाजून गेले होते.

"विमान शनिवारचंच आहे, इंदूताई. तिकीट काढून तीन महिने झाले."

"मग तिकीट काढताना पंचांग बघायला काय झालं होतं?"

"तिकीट ऋजुताने काढलं. सगळ्या वर्गाचं एकत्र."

"ती पोर काय बघणार." इंदूताईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "ते असू दे. आज दहा चाळीसपर्यंत चांगली वेळ आहे. आजच्या आज प्रस्थान ठेव माझ्याकडे. नंतर तुझ्या विमानाला अमावस्या असो नाहीतर ग्रहण असो, तू आजच निघालीस असं धरायचं."

प्रस्थान म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. जायच्या दिवशी मुहूर्त बरा नसला, तर आधीच्या चांगल्या वेळेला आपल्या सामानातलं काहीतरी शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. बरोबर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. सामान निघालं की माणूस निघालं. इंदूताईंचे नियम याबाबतीत कडक होते. ठेवलेलं उघडायचं नाही, दुसऱ्याने हात लावायचा नाही, परत घरी तर आणायचंच नाही. जायच्या दिवशी जाणाऱ्याने स्वतः उचलायचं आणि तिथूनच पुढे निघायचं. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आमच्या अगदी समोरच्या घरात एकट्या राहायच्या, आणि त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं. मीही पोळपाट बाजूला सारला.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून छत्तीस वर्षं काढली. वडील गेले तेव्हा बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. ते तिथेच सोडून कानाला हेडफोन लावला आणि लोकांना लोकांशी जोडून देत बसले. दुबई, लंडन, न्यूयॉर्क, सगळीकडचे आवाज ऐकले, आणि स्वतः कधी पुण्यामुंबईच्या पुढे गेले नाही. निवृत्त झाल्यावर म्हटलं, राहिलेलं शिकू. जर्मनच्या वर्गात नाव घालायला गेले तर वर्ग भरला होता. शेजारच्या खोलीत स्पॅनिशच्या वर्गात जागा होती, म्हणून स्पॅनिश. लोकांना वाटतं यामागे काहीतरी मोठं कारण असणार. काही नव्हतं.

वर्गातली बाकीची मुलं वीसबावीसची. शिकवणारी ऋजुता तिशीची. सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा तिचा नियम, त्यामुळे नातवंडं शोभतील अशी पोरं मला "शरयू, तुझी वही दे ना" म्हणायची आणि मला बाई ते फार आवडायचं. तीन वर्षं झाली, आणि ऋजुताने स्पेनमधल्या सालामांकाचा बेत काढला. चार आठवडे तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एका बाईंच्या घरी राहायचं, शेवटी परीक्षा, आणि पास झालं तर प्रमाणपत्र. माझ्या आयुष्यात मी मध्येच टाकून दिलेली एकच गोष्ट होती, ती शिक्षण. मला तो कागद हवा होता. खोटं कशाला बोलू, जिवापाड हवा होता.

आमचे हे, म्हणजे दिगंबरराव, सुरुवातीला म्हणाले, "आता या वयात स्पॅनिश कोणाशी बोलणार? भाजीवालीशी?" दोन महिन्यांनी तेच माझं पुस्तक उलटं धरून माझे शब्द पाठ घ्यायला लागले. हे पाटबंधारे खात्यात होते. एकतीस वर्षं धरणाची पाणीपातळी रोज ठरल्या वेळी वहीत लिहायची, हे यांचं काम. निवृत्त झाले तरी वही सुटली नाही. गॅस कधी लावला, गाद्या कधी उन्हात घातल्या, सगळं कार्यालयीन मराठीत. "दळण आणणे." "शरयूस चष्म्याची आठवण करणे." एकदा तर "शरयू रागावली आहे. कारण शोधणे." असंही सापडलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि यांच्या वह्या.

व्हिसाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "काय म्हणजे? विद्यार्थिनी लिही." मी लिहिलं. त्या पानाची झेरॉक्स काढून यांनी दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना दाखवली. रोज संध्याकाळी चहा घेताना मला विचारायचे, "काय करता आपण?" मी म्हणायचं, "सोय एस्तुदियान्ते." मी विद्यार्थिनी आहे. यांना त्यातलं "एस्तु" कधी धड जमलं नाही, पण ऐकायला भारी आवडायचं.

तर बुधवारी सकाळी मी हात धुतले आणि आतल्या खोलीतल्या दिवाणाखालून बॅग ओढली. हे अंघोळीला गेले होते. आमच्याकडे दोन निळ्या बॅगा होत्या, अगदी एकसारख्या. अष्टविनायकाच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा यात्रा कंपनीने प्रत्येकाला एकेक दिली होती. माझी मी सोमवारीच भरून ठेवली होती, शब्दकोश, दोन वह्या, शाल, गोडा मसाला, मेतकूट. बॅग हाताला जरा हलकी लागली. पण इंदूताई दारात उभ्या राहून घड्याळाकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर माणूस बॅगेचं वजन करत बसत नाही. तांदूळ, सुपारी, हळकुंडाची पुरचुंडी बाहेरच्या कप्प्यात घातली आणि रस्ता ओलांडला. इंदूताईंनी देवासमोर पाट मांडून ठेवलाच होता. त्यावर बॅग ठेवली, हळदकुंकू वाहिलं, साखर खाल्ली, परत आले.

हे अंघोळ करून आले होते. खांद्यावर पंचा तसाच.

"दिवाणाखालची बॅग कुठे गेली?"

"प्रस्थान ठेवलं इंदूताईंकडे. शनिवारी अमावस्या आहे म्हणे."

"कुठली ठेवलीस?"

"कुठली म्हणजे? माझी. निळी."

हे खाली वाकले आणि दिवाणाखाली बघायला लागले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"काय शोधताय?"

"चप्पल."

"चप्पल दिवाणाखाली कशाला जाईल?"

उठताना यांनी भिंतीला हात लावला आणि थोडं थांबून मग सरळ झाले. गेला महिनाभर यांचं असंच चाललं होतं. सकाळचं फिरणं कोपऱ्यापर्यंत आलं होतं, विचारलं की गुडघा म्हणायचे. दोनदा सिन्नरला विनायकभावोजींकडे, म्हणजे यांच्या धाकट्या भावाकडे, जाऊन आले होते. मी माझ्या क्रियापदांत बुडालेली. गुडघा म्हणाले, मी गुडघ्याला तेल आणून दिलं.

दुपारी इंदूताईंचा फोन आला. "दिगंबरराव येऊन गेले. म्हणाले, शरयूचा कसलासा कागद बॅगेत राहिलाय, काढून घेतो. मी चहा दिला आणि पाठवलं परत. म्हटलं, ती काढेल शनिवारी."

गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी यांनी सांगितलं की माझा टॉवेल त्यात गेलाय. इंदूताईंनी स्वतःच्या कपाटातला नवा कोरा टॉवेल काढून यांच्या हातात दिला. हे तो घेऊन घरी आले आणि खुर्चीत बसले.

माझं डोकं फिरलं. दोन दिवसांवर विमान आलेलं, आणि यांचं हे काय मध्येच. मी समोर जाऊन उभी राहिले.

"खरं सांगा, तुम्हाला माझं जाणं नकोय ना?"

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? प्रस्थान मोडायला निघालाय तुम्ही. दोनदा गेलात त्यांच्या घरी. काय काढायचंय त्यातून? पासपोर्ट त्यात नाहीये, माझ्या पर्समध्ये आहे, सांगून ठेवते."

"शरयू, तसं काही नाही."

"पहिल्यापासून तुम्हाला नको होतं. भाजीवाली काढली होतीत. एवढी वर्षं सगळ्यांचं केलं, तुमच्या आईचं केलं, आता चार आठवडे माझे मला द्यायला तुमचा जीव जातोय."

जीव जातोय. हेच शब्द, याच तोंडाने.

हे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं. तसं समज." आणि इंदूताईंच्या टॉवेलची घडी घालून मांडीवर ठेवली.

शुक्रवारी मी प्रवासासाठी धपाटी केली. हे न बोलावता येऊन शेगडीपाशी उभे राहिले आणि तव्यावरची उलटायला लागले. भांडणानंतर यांची माफी अशीच असायची, चूक कोणाचीही असो. मीही मग नरमले.

"रोज फोन करीन," मी म्हटलं.

"सात वाजता कर. सातच्या आधी नाही, नंतर नाही."

"का हो? एवढं काय आहे सातला?"

"सवय असते एकेका वेळेची." धपाटं उलटलं. "पहिल्या दिवशी वर्गात काय विचारतील?"

"नाव, गाव, काय करता."

"काय करता आपण?"

"सोय एस्तुदियान्ते."

"हां," हे म्हणाले. "हे मोठ्याने म्हणायचं. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."

शनिवारी अकराला टॅक्सी येणार होती. मुंबईला जाऊन रात्रीचं विमान. ऋजुता आणि वर्गातला एक मुलगा टॅक्सीतूनच येणार होते. साडेदहाला हे म्हणाले, "तू देवाला नमस्कार करून घे, मी इंदूताईंकडून बॅग आणतो." मी नुसतं बघितलं. हे दारातून बाजूला झाले. मी एकटीच रस्ता ओलांडून गेले.

बॅग पाटावर होती. इंदूताई नवं लुगडं नेसून, ओटी भरायला नारळ घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातात सालामांकाच्या बाईंच्या पत्त्याचा कागद होता, आणि पर्स आधीच फुगलेली. म्हटलं, हा बॅगेत टाकू. मी चेन ओढली.

"अगं उघडू नकोस, टॅक्सीत बसल्यावर उघड."

तोवर उघडली होती. वरच यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. खाली दोन बनियन, दाढीचं सामान, स्टीलचा पेला, त्यावर यांचं नाव कोरलेलं. गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी. एक जाडसर फाईल. मी पाटाशेजारी जमिनीवर बसले.

"यांची बॅग आणलीस की काय?" इंदूताई म्हणाल्या. "म्हणून टॉवेल मागत होते होय."

फाईल उघडली. हृदयाचे फोटो, तीन आठवड्यांपूर्वीचे. तीन रक्तवाहिन्या बंद. त्याखाली नाशिकच्याच एका हॉस्पिटलचं पत्र. सोमवारी भरती, बुधवारी बायपास. सोबत राहणार विनायक. सोमवार म्हणजे परवा. मी विमानातून उतरून एक दिवस होणार, तेव्हा.

आणि फाईलच्या तळाशी वही. नवी, छोटी, शंभर पानी. पहिल्या पानावर यांचं ते गोल गोल अक्षर.

"शरयूचा फोन. रोज सायंकाळी ७.

दिवस १. सुखरूप पोचलीस का विचारणे. जेवण झाले. मुगाची खिचडी केली, मीठ थोडे कमी.

दिवस २. इंदूताईंनी थालीपीठ पाठवले. चांगले होते.

दिवस ३. आज फिरायला मारुतीच्या देवळापर्यंत गेलो. गुडघा बरा.

दिवस ४ ते ६. विनायककडे लग्न आहे. तिथे रेंज नाही. निरोप विनायक देईल."

मी पान उलटलं नाही. इंदूताईंनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि त्यांची मान हलायला लागली. "दोनदा आले होते गं. दोनदा. मी चहा पाजून परत पाठवला. एका शब्दाने बोलले असते तर..."

"बोलले असते तर मी गेले नसते ना," मी म्हटलं.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. ऋजुता दारात आली. "काकू, चला ना, कसाऱ्याला ट्रॅफिक लागेल." वर्गाबाहेर ती मला काकूच म्हणायची. माझं तोंड बघून ती थांबली.

मी वही फाईलवर ठेवली, चेन लावली आणि बॅग उचलली. इंदूताईंनी मला अडवलं नाही. प्रस्थान परत घरी नेताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा कोणाला अडवलं नसेल.

हे आमच्या फाटकात उभे होते. हातात दह्याची वाटी. जाणाऱ्याच्या हातावर घालायला. मला बॅगेसकट येताना बघितलं आणि यांना सगळं कळलं.

"परत आणलीस?"

"वही वाचली मी."

"सगळी?"

"पहिलं पान."

"मग पुढची वाचू नकोस. ज्या त्या दिवसाचं ज्या त्या दिवशी."

"आता कसले दिवस? मी कुठेही जात नाहीये."

"टॅक्सी उभी आहे, शरयू."

"मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला? पस्तीस वर्षं झाली आपल्याला. विनायकभावोजींना सांगितलंत, मला नाही. मी तिकडे बसून खिचडीत मीठ कमी ऐकणार होते, आणि तुम्ही इथे टेबलावर."

"डॉक्टर म्हणाले, रोज चार होतात अशी ऑपरेशनं. तू येईपर्यंत मी हिंडायला लागलो असतो." यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकदा सोडलंस तू शिक्षण घरातल्या माणसासाठी. आता माझ्यामुळे नको. माझ्यावर एवढा एक उपकार कर. जा."

ऋजुता टॅक्सीचं दार धरून उभी होती. आत तो मुलगा खिडकीतून बघत होता. मी वळून तिला म्हटलं, "तुम्ही निघा. उशीर होईल." तिने काहीतरी विचारलं. मी हात हलवला. ड्रायव्हरने एव्हाना डिकीत चढवलेली माझी मोठी बॅग काढून तिने फाटकाशी ठेवली, मला मिठी मारली, आणि टॅक्सी गेली.

यांच्या हातात वाटी तशीच. मला म्हणाले, "हात कर."

"आता कशाला?"

"लावलेलं दही आहे. वाया कशाला घालवायचं."

मी हात पुढे केला. यांनी चमचाभर दही तळव्यावर घातलं. ते मी फाटकातच उभी राहून खाल्लं, आणि आम्ही आत गेलो. दुपारी प्रवासाची धपाटी जेवलो.

त्यानंतर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. राग नव्हता तो. हरल्यासारखे बसून असायचे. रविवारी संध्याकाळी सात वाजता माझं लक्ष घड्याळाकडे गेलं, यांचंही गेलं, आणि आम्ही दोघांनी माना फिरवल्या. मला वाटत होतं, ऑपरेशन होऊ दे, मग बघते यांच्याकडे. मग भांडू सावकाश. आमच्याकडे भांडायला पुष्कळ वेळ आहे असं मी धरून चालले होते.

सोमवारी हॉस्पिटलात अर्ज भरताना तिथली मुलगी मला म्हणाली, "पेशंटच्या मिसेस ना तुम्ही? काय करता?"

मी म्हणणार होते, रिटायर्ड. तेवढ्यात हे खाटेवरून म्हणाले, "विद्यार्थिनी आहेत त्या. लिहा तसं." दोन दिवसांतलं यांचं पहिलं वाक्य.

त्या मुलीला वाटलं म्हातारबाबा चेष्टा करताहेत. तिने हसून काहीतरी लिहिलं. मी तोंड फिरवून खिडकीकडे गेले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. मंगळवारी आम्ही बोललो. फार काही नाही. विनायकभावोजी चहा आणायला गेले तेव्हा यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "काय करता आपण?" मी सांगितलं. हे म्हणाले, "मोठ्याने." मी मोठ्याने सांगितलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला, आणि हे हसले.

बुधवारी ऑपरेशन झालं. झालं चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. गुरुवारी काचेतून बघितलं तेव्हा यांनी बोट हलवलं. शुक्रवारी ताप चढला. शनिवारी सकाळी, टॅक्सी परत पाठवली त्याला बरोबर आठवडा झाला तेव्हा, हे गेले.

घाटावरून सगळे परत आले तेव्हा साडेपाच झाले होते. पिठलंभात समोरून, इंदूताईंकडून आला. मी आतल्या खोलीत दिवाणावर बसले होते. हॉस्पिटलातून आलेली निळी बॅग पायाशी होती. समोरच्या भिंतीवर सात वाजले आणि मला वहीची आठवण झाली. ज्या त्या दिवसाचं ज्या त्या दिवशी. मी वही काढली, पान उलटलं.

"दिवस ७. लग्नातले जेवण सांगणे. जिलेबी दोन वेळा घेतली. आवाज बारीक वाटल्यास, लग्नात मोठ्याने बोलून घसा बसला आहे."

मी वही मिटून उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा काढली. पुढचं वाचलं नाही. एक दिवस, एक नोंद. घरात माणसं होती, दिवस चालले होते, कोण काय बोलत होतं ते माझ्या कानापर्यंत येत नव्हतं, पण सात वाजले की मी आत जाऊन दार लावून घ्यायची.

"दिवस ९. कढीलिंबाला पाणी घातले. नवी पाने आली."

"दिवस १२. वीज गेली होती. आली." त्या दिवशी खरंच गेली होती की नाही, मला आठवत नाही.

"दिवस १५. इंदूताईंशी भांडण झाले. (कशावरून विचारील. पंचांगावरून.)"

"दिवस १९. आज वर्गात काय शिकलीस विचारणे. तिचे सगळे ऐकणे. मध्ये बोलू नये."

एकोणिसाव्या दिवशी मी दिवाणाखालून माझी निळी बॅग काढली. सापडायला वेळ लागला. यांनी ती माझ्या हाती लागू नये म्हणून सुटकेसच्या मागे, भिंतीला चिकटवून, वर जुनी चादर टाकून ठेवली होती. त्यातलं पुस्तक काढलं, आणि जो धडा चालू असेल असं वाटलं तो खुर्चीकडे बघून मोठ्याने वाचला. पूर्ण धडा. मध्ये कोणी बोललं नाही.

याला आता नऊ वर्षं झाली. ऋजुता तिकडून परतल्यावर भेटायला आली होती, म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ काकू. मी हो म्हटलं. गेले नाही. विमानात बसलं की मागे घरी कोणीतरी काहीतरी लपवतंय असं वाटत राहील, हे मला माहीत होतं. इंदूताई शेवटपर्यंत स्वतःला दोष देत राहिल्या. आधी म्हणायच्या, चहा पाजून परत पाठवला ते चुकलं. मग म्हणायच्या, मोडलेलं प्रस्थान भोवलं. मी त्यांना समजावून दमले. मी मुहूर्तबिहूर्त मानत नाही. त्यांनी घाई केली नसती, तर योग्य बॅग गेली असती, मी सालामांकात बसून लग्नाचा निरोप ऐकला असता, आणि सातव्या दिवशी विनायकभावोजींनी फोनवर काय केलं असतं, देव जाणे. त्यांच्या त्या पंचांगामुळे मला यांच्याबरोबर काही दिवस मिळाले. त्यातले दोन हे बोलले नाहीत, दोन काचेपलीकडे गेले. मंगळवार तेवढा पुरा मिळाला.

त्या टॉवेलच्या गुरुवारी खुर्चीपाशी जाऊन मी जे बोलले, ते मात्र अजून सुटत नाही.

अठ्ठाविसावा दिवस शनिवार होता. घरातली माणसं केव्हाच आपापल्या गावी गेली होती. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, करावंसंच वाटलं नव्हतं. मधले दिवस वही होती. उद्यापासून सात वाजता काय करायचं, ते कळत नव्हतं. सात वाजता शेवटचं पान उघडलं.

"दिवस २८. उद्या शरयू येणार. खरे काय ते मीच सांगणे, विनायकने नव्हे. आधी तिला जेवू देणे."

पुढची पानं कोरी होती.

मी उठले. डाळतांदूळ धुतले, कुकर लावला, मुगाची खिचडी केली. मीठ चाखून बघितलं, बरोबर होतं. ताट वाढून घेतलं आणि यांच्या खुर्चीसमोर बसून सगळं जेवले, ताटात काही टाकलं नाही. जेवण झाल्यावरही उठले नाही. हात वाळत होता, तशीच बसून राहिले, हे आता सांगतील म्हणून.